वाघिणीच्या बाळंतपणाचा खर्च

पुनमने कागद पुढे सरकवला, तसा झिपरूआबांनी तो आधी उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी निघाली. आबांचा संशय वाढला.

त्यांच्या केळीच्या बागेत, नाल्याकडच्या कोपऱ्यात वाघीण व्याली होती. दोन पिल्लं. त्याच कोपऱ्यातले दीडशे घड मंगळवारी कापायचे होते. व्यापारी अय्युबभाईची गाडीही सांगून झाली होती. माणसं आत शिरली, की वाघीण पिल्लं टाकून जाईल, नाहीतर माणसावर येईल. म्हणून दोन महिने तिथे कोयता लावायचा नाही आणि नुकसानीचे पंचेचाळीस हजार घ्यायचे, एवढाच मजकूर. भाव आबांनीच सांगितलेला, म्हणजे घडामागे खऱ्यापेक्षा शंभराने जास्त. वाघ वाचवणाऱ्या संस्थेच्या या पोरीने घासाघीस केली नाही, तिथेच त्यांना पहिली शंका आली.

"पैसे देतं कोण?"

"परदेशातलं एक प्राणिसंग्रहालय, आबा. लोक तिकीट काढून वाघ बघतात. त्यातला हिस्सा ते जंगलातल्या वाघांसाठी पाठवतात."

"तिथं वाघ दाखवाचे पैसे घेतात, अन् इथं वाघाले हात नाही लावाचा म्हणून देतात?"

पुनम हसली. दारात धान्य पाखडणाऱ्या कुंदाबाई हसल्या नाहीत.

"त्यांच्याकडं वाघ किती, पोरी?"

"एक जोडी आहे, काकू."

"पिल्लं?"

पुनम अडखळली. "अजून नाहीत."

सूप थांबलं. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"लेकरू नसलेल्या घरातून दुसरीच्या बाळंतपणाचा खर्च कायले येतो, ते मले नको शिकवू," कुंदाबाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेनं असाच केला होता. बारशाले झबलं घेऊन आली, अन् लेकरूच मागून बसली."

"पिल्लं कोणी नेणार नाही, काकू."

"लिहिलंय का?"

नव्हतं. पुनमने पेन काढून लिहिलं.

"लिहून काय व्हतं?" आबा म्हणाले. "ज्यानं बयाणा देला, तो माल उचलतो. आमचा धंदाच हाये हा."

"मग कापणार तुम्ही घड?" पुनमचा आवाज उतरला.

आबांनी बागेकडे पाहिलं. वाघीण आल्यापासून बागेत एक रानडुक्कर फिरकलं नव्हतं, तेही फुकटात. त्यांनी फोन काढला. "अय्युबभाई, मंगळवारी गाडी नका पाठवू." मग कागदावर बोट ठेवलं. "पंचेचाळीस नको. चाळीस लिव."

"कमी?"

"पाच आमचे. सारा खर्च त्यांचा नको."

आयुष्यात पहिल्यांदाच आबांनी आपल्याच केळीचा भाव पाडला होता. त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

"पाचात काय व्हतं?" कुंदाबाई दारातून म्हणाल्या. "दहा टाका. अन् पोरी, वर मोठ्या अक्षरात लिव, बाळंतीण आमच्या घरची हाये."