हमिंग

"आता कसं शांत झालं," सुशील स्पीकरला कान लावून म्हणाला. गेले काही महिने प्रत्येक कार्यक्रमात येणारी ती घूंऽऽ, जिला साउंडवाले हमिंग म्हणतात, आज नव्हती. मानेवाड्याच्या त्या मंदिराचं सभागृह बायकांनी गच्च भरलं होतं. भजनस्पर्धेत गायचा पहिलाच नंबर त्याच्या बायकोच्या, काजलच्या मंडळाचा होता, आणि स्पीकरमधून जराही आवाज नाही. गडी खूश होता.

खूश व्हायला कारणही होतं. सगळे माइक एकत्र करणारा त्याचा मिक्सर जुना, साध्या दोन तारांच्या जोडणीचा. अ‍ॅम्प्लिफायर मात्र नवा, तीन तारांच्या, बॅलन्स्ड जोडणीचा. दोघांचं जुळावं म्हणून त्यानं काल स्वतः डाक देऊन नवी केबल बनवली होती. तिची जाळी, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं अर्थिंगचं वेष्टण, मिक्सरच्या बाजूला जोडली, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला मुद्दाम मोकळी सोडली. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की हमिंग येते, एक तोडली की जाते. एवढंच त्यातलं गणित.

तो मागच्या टेबलाशी, मिक्सरपाशी येऊन बसला. सूत्रसंचालन करणाऱ्या प्रीतीताईंनी स्टेजवरचा माइक धरला आणि पटकन हात मागे घेतला.

"चावते वं बाई हा माइक," त्या म्हणाल्या. हॉल हसला. सुशीलही हसला.

मग अध्यक्ष चंपतराव आले, अध्यक्ष येतात तसे उशिरा. नारळ फोडायला दगड सापडेना, तर त्यांनी तो स्टेजच्या कडेवरच, माइकच्या स्टँडपाशी आपटला. पाणी सतरंजीत मुरलं. देवीचा फोटो मांडलेला होता, म्हणून स्टेजवर सगळे अनवाणी.

काजलच्या मंडळाचं नाव पुकारलं गेलं. सुशीलनं आवाज वाढवायला हात पुढे केला, मनगट मिक्सरच्या पत्र्याला टेकलं आणि हाताला मुंग्या आल्या. पायात रबरी चपला असून मुंग्या. त्यानं खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

मिक्सरचा पत्रा आणि स्टेजवरच्या माइकचं अंग एकाच तारेनं जोडलेलं असतं. पत्र्यात करंट म्हणजे माइकमध्ये करंट. पण जुन्या मिक्सरमधून असा उतरलेला करंट अर्थिंगनं जमिनीत जायला हवा. मग हा का गेला नाही?

"अंकुश," त्यानं शेजारी वायरी गुंडाळत बसलेल्या आपल्या भागीदाराला विचारलं, "मिक्सरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन आहे ना?"

"मोडली ना सकाळीच. तू नवी केबल घेऊन यायच्या आधी जुन्या केबलवर लई हमिंग येऊन राहिली होती." अंकुशनं मानही वर केली नाही. "आपण आधी मोडतच तं होतो. तूच तं शिकवलं मले."

सुशीलनं आपल्या नव्या केबलकडे बघितलं. आधी पिन मोडायचे तेव्हा जुन्या केबलची जाळी तरी दोन्हीकडे जोडलेली असायची. आज एक वाट अंकुशनं तोडली होती आणि दुसरी त्यानं स्वतः. करंटला जमिनीपर्यंत जायला आता एकच वाट उरली होती, आणि ती मंडळाची जांभळी साडी नेसून स्टेजच्या पायऱ्या चढत होती.

"काजल, माइकले हात नको लावू," तो ओरडला. टाळ्यांमध्ये ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

काजल बुटकी. गाण्याआधी स्टँड दोन्ही हातांनी धरून खाली ओढायची तिची सवय. ती ओल्या सतरंजीवर उभी राहिली. तिनं हात पुढे केले. मिक्सरचा प्लग टेबलामागे भिंतीत होता. सुशीलनं टेबल ढकललं, वायर धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढली.

स्पीकर धाडकन वाजले आणि बंद पडले. टाळ्याही थांबल्या. सुशीलला स्टेजकडे बघायची हिंमत होईना. त्याच्या हातात दोन पिनांचा प्लग होता, तिसरीच्या जागी पितळेचा तुटका तुकडा.

"काहून बंद केलं जी?" स्टेजवरून काजलचा वैतागलेला आवाज आला.

त्यानं प्लग टेबलावर ठेवला. बायकोची बोलणी खाऊन एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

अंकुशनं तीन पिनांचा प्लग बसवला. सुशीलनं आपली नवी केबलसुद्धा काढून टाकली. तिच्यात खरं तर काही चूक नव्हती, पण आता मन धजेना. त्यानं जुनीच लावली, दोन्हीकडे जोडलेली. टेस्टर पत्र्याला टेकवला. दिवा पेटला नाही. त्यानं पुन्हा टेकवला.

घूंऽऽ. हमिंग हॉलभर पसरली.

"सुशील, हे काय गा?" चंपतराव पहिल्या रांगेतून वळून म्हणाले. "परीक्षक बसून राहिले इथं. बंद कर ना ते."

"येऊ द्या, काका."

तो स्टेजपाशी गेला. चपला काढल्या, ओल्या सतरंजीवर उभा राहिला आणि माइक आधी स्वतः मुठीत धरला. बराच वेळ धरला. मग काजलच्या पुढे केला.

"आता तुम्हीच गाता का?" ती हळूच म्हणाली.

"तू गा."

काजल गायली. कशी गायली ते सुशीलला विचारू नका. तो मागं भिंतीशी उभा राहून हमिंग ऐकत होता; ती येत होती, म्हणजे अर्थिंगच्या दोन्ही वाटा जोडलेल्या होत्या. मधेच टाळ चढले, हमिंग ऐकू येईनाशी झाली, आणि त्याचा हात प्लगकडे गेला.