प्लॅस्टिकखालचा कागद

"प्लॅस्टिक काढून आणा, मग शिक्का," एवढंच मुंबईच्या कचेरीतला माणूस बोलला, आणि निदा दोन्ही कागद छातीशी धरून देवगडला परत आली.

तिची दादी खैरुन्निसा ओसरीवर खारवून वाळत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"वरून शिक्को मारूक काय झाला तेंका? प्लॅस्टिकाक सरम वाटता?"

"शाई धरत नाय गो दादी. शिक्को नाय तर विसा नाय. विसा नाय तर ढाक्याक जाऊक नाय." निदाने मोबाइलमधली यादी वाचून दाखवली. बारावीचा मूळ निकाल, जन्माचा दाखला, दोन्हींवर शिक्के, त्यानंतर विसा, त्यानंतर मेडिकलची जागा पक्की. "दुसरे कागद मागवले तर म्हयनो जातलो. कॉलेज जागा आठ दिवस ठेवता."

खैरुन्निसाने दोन्ही कागद हातात घेतले. कागद प्लॅस्टिकात घालून आणले होते ते तिनेच.

समुद्र घरापासून हाकेवर. इथे कागद टिकत नाही. आधी ओला होतो, मग पिवळा, मग बुरशी. तिचा नवरा कमरुद्दीन जहाजावर होता तेव्हाची त्याची पत्रं तिने दोऱ्यात बांधून पेटीत ठेवली होती. एक दिवस दोरा सोडला तर हातात लगदा आला. तेव्हापासून घरात जे जपायचं ते बाजारात न्यायचं आणि प्लॅस्टिकात बंद करून आणायचं. निदाचं लसीचं कार्ड. निदाने पहिलीत काढलेली होडी, जिचं शीड पाण्यात होतं नि सुकाणू आभाळात. बारावीचा निकाल आला त्या दिवशी तर ती छत्री घेऊन स्वतः दुकानात गेली आणि दुकानदाराला टक्के दोनदा मोठ्याने वाचायला लावले. एकदा तिच्यासाठी. दुसऱ्यांदा दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी.

"इस्त्री आण," ती उठत म्हणाली. "आणि धुतलेलो पंचो."

निदाची आई इल्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अम्मा, फाटलो म्हणजे?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे समजूया, नशिबात नव्हता. हयसर काय कॉलेजा नाय?"

"नशिबाक मधी घालू नको. चूक माजी आसा." खैरुन्निसाने चष्मा पदराने पुसला. "तू चुलीवरचा बग, कायतरी करपता."

काहीच करपत नव्हतं. इल्माही आत गेली नाही.

टेबलावर पंचा अंथरला. खैरुन्निसाने निकालाच्या चारी बाजूंचा नुसत्या प्लॅस्टिकचा काठ कातरीने कापून टाकला. कागदावर पंच्याचं दुसरं टोक घेऊन वरून इस्त्री फिरवली. एकदा. बोट लावून बघितलं. आणखी एकदा.

"मोरी मासो सोलताना काय करतव? वरसून उकळता पाणी वततव. आणि घाई करूची नाय. घाई केली तर कातड्याबरोबर मांस येता."

"मोरी फाटली तर कालवण तरी होता, दादी."

"तोंड मीट आणि पंखो बंद कर."

पंखा थांबला. खैरुन्निसाने बिस्मिल्ला म्हणून नखाने कोपरा उचलला. प्लॅस्टिक चरचरलं, थोडं सुटलं, थांबलं. पुन्हा इस्त्री, पुन्हा नख. बोटभर जागा सुटायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागत होता.

निदा त्या नखाकडे बघत राहिली. याच नखाने दादी तिच्या ताटातल्या पेडव्यांचे काटे काढून द्यायची. निदा नववीत जाईपर्यंत. मैत्रिणी हसायला लागल्या तेव्हा निदानेच ताट बाजूला ओढून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी काटा घशात अडकला. दादीने कोरड्या भाताचा गोळा भरवला आणि एक शब्द बोलली नाही. तिच्या आयुष्यातला तेवढा एकच दिवस.

"थंय म्हणे नदीचे मासे खातत," खैरुन्निसा कागदावरची नजर न काढता म्हणाली. ढाक्याबद्दल तिची तेवढीच तक्रार होती, किंवा तेवढीच ती सांगत होती.

निदाचं नाव मोकळं झालं. आईचं नाव झालं. गुण एकेक करून बाहेर आले. बोर्डाच्या तांबड्या शिक्क्यापाशी कागदाचा एक बारीक तंतू प्लॅस्टिकबरोबर वर आला आणि इल्माने दाराची चौकट घट्ट धरली. खैरुन्निसा थांबली. तिथेच हात ठेवून तिने श्वास घेतला, प्लॅस्टिक होतं तसं खाली बसवलं आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.

बाहेर कावळ्यांनी बांगड्यांवर डल्ला मारला. कोणी उठलं नाही.

शेवटी प्लॅस्टिकचा पापुद्रा अख्खा हातात आला. कागद पालथा करून मागचाही सुटला. निकाल पंच्यावर पडून राहिला, किंचित वाकलेला, उघडा. निदाने बोट फिरवलं. खरखरीत होता. इतक्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच हात लावला.

"दादी!" ती हसली, डोळे पुसत हसली. "तुजो हात वायच पण थरथरलो नाय!"

"थरथरलो असतो तर तू घरातच रवला असतंस," खैरुन्निसा म्हणाली. इस्त्री परत तापवायला लावून तिने जन्माचा दाखला पुढ्यात ओढला.