दोन मूळ अवयव

ऋजुताच्या आजारावर अखेर औषध निघालं, तेव्हा तिला जिवंत ठेवण्यासाठी शीतपेटीत गोठवून झोपवल्याला एकोणीस वर्षं झाली होती. शीतपेट्यांच्या केंद्रातल्या डॉक्टर लीना तिच्या आईला, कुमुदताईंना, म्हणाल्या, "काकू, आता फक्त पेटी उघडायची. किल्ली द्या."

पेटीवर तीनशे अंकी संख्या कोरलेली होती. ज्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती झाली, त्या दोन संख्या हीच पेटीची किल्ली होती. त्या कोणत्या, हे एकट्या दिगंबररावांना, ऋजुताच्या बाबांना, ठाऊक होतं. ते गणिताचे प्राध्यापक; मुलीची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांची स्मृती गेली. कुलूप फोडलं तर पेटीतली मुलगी दगावणार होती.

कुमुदताईंना ती संख्या तोंडपाठ झाली होती. ती विषम होती, तिला तीनानं भाग जात नव्हता, अकरानंही नाही. अवयव शोधायला लाखो वर्षं लागतील, असं केंद्रातल्या यंत्रानं सांगितलं होतं.

त्यांनी संख्येचा कागद नवऱ्यापुढे धरला. "अहो, आठवा ना. आपल्या ऋजुतासाठी."

दिगंबररावांनी अंकांवरून बोट फिरवलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "सुंदर आहे गं! दोनच मूळ अवयव असणार हिचे. कुणी निवडली?"

"तुम्हीच."

"मग ते कुणालाही सापडायचे नाहीत," ते अभिमानानं म्हणाले.

"नाही हो सापडायचे," असं म्हणून कुमुदताई डॉक्टरांना फोन लावायला उठल्या.