दोघींचं एक नाक

"जेवायच्या अर्ध्या तासात माणूस एवढा रापतो?" साहेबांनी विचारलं.

धाकटीनं नाकावर हात नेला. चष्म्याच्या दुकानातली ही आतली खोली, नजर तपासायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर साहेब, साहेबांच्या हातात छोटी बॅटरी. तिला आत घेतल्याबरोबर त्यांनी दार लोटून घेतलं होतं.

"ऊन फार आहे, साहेब."

"सकाळी तुम्ही चांगल्या होतात. साडेबाराला डबा घेऊन मागच्या दारानं गेलात. एक वाजता आलात तर नाक सोललेलं. डबा काय चुलीवर बसून खाल्लात?"

हसावं की रडावं ते न कळून धाकटी तक्त्याकडे बघत राहिली. खालच्या दोन ओळी दिसेनाशा झाल्या होत्या.

सकाळी होती ती थोरली. दोघी जुळ्या, पण थोरली सात मिनिटांनी मोठी, आणि तेवढ्या सात मिनिटांच्या जोरावर तिनं जन्मभर 'ताई' म्हणवून घेतलं होतं. नोकरीचं पत्र एकच आलं, तिच्या नावाचं. घरी आई अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायलाही तिला माणूस लागे. म्हणून सकाळी थोरली दुकानात आणि धाकटी आईपाशी, दुपारी उलट. जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या बोळात दोघी भेटत. कोट आणि बिल्ला धाकटीकडे येई, सायकल थोरलीकडे जाई. "जाड काचवाल्या आजोबांना शुक्रवार सांगितलाय. पिवळ्या छत्रीवाल्या बाई आल्या तर हस, आपली ओळख झालीय. साहेब आज गोड आहेत," एवढं सांगून थोरली पायडल मारी. तेवढा वेळ आईजवळ शेजारच्या काकू बसत. आठ महिने कुणाला पत्ता लागला नव्हता.

दोघींचा चेहरा एक दिसायला हवा, म्हणून थोरलीनं न्हाणीघरातल्या आरशाला कागद चिकटवला होता. काय लावायचं, कधी लावायचं, लावलं की पुढे बरोबरची खूण. ऊन तापायला लागलं तसा तिनं हिवाळ्याचा कागद फाडून उन्हाळ्याचा लावला. जाड क्रीम बंद. सकाळी हलकं जेल. बाहेर पडण्याआधी दोन बोटं सनस्क्रीन. रोज सकाळी थोरली सगळं शिस्तीत लावी, खुणा करी आणि निघे. दुपारी निघताना धाकटी कागद बघे. सगळ्या खुणा झालेल्या असत. म्हणजे आपलं लावून झालंय, अशा समाधानानं ती भर उन्हात वीस मिनिटं सायकल हाणे.

असे पंधरा दिवस गेले. आठ महिने एकाच नावानं जगल्यावर माणसाचं असं होतं. मागे एकदा थोरलीला ताप आला तेव्हा गोळी धाकटीनं घेतली होती, आणि दोघींना बरं वाटलं होतं. पण ऊन माणसं मोजून पडतं.

साहेबांनी बॅटरी तिच्या नाकाजवळ आणली. मग बिल्ल्यावर.

"हे नाव तुमचं?"

"हो. म्हणजे… घरातलंच आहे."

धाकटीला घर दिसलं. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि तिला कुशीवर वळवायला कुणी नाही, कारण दोघी दोन दिशांना काम शोधत फिरतायत. तिनं टेबलाची कड धरली.

"साहेब, ताईला काढू नका," ती कशीबशी म्हणाली. "काढायचं तर मला काढा. दुपारपुरतं."

साहेब उठले, दार किलकिलं करून बाहेर बघितलं आणि आता मात्र कडी लावली. धाकटीनं डोळे मिटले. पोलिसांना काय सांगायचं, त्याची ती मनात जुळवाजुळव करायला लागली. पहिल्याच वाक्यात 'मी' म्हणायचं की 'आम्ही', तिथेच गाडी अडली.

"हळू बोला," साहेब म्हणाले. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही डाव्या हातानं लिहिता, त्या उजव्यानं. मी कधी काही बोललो?"

"नाही."

"काम दोघींचं चोख आहे. माझी काही तक्रार नाही. पण आज नाक सोललं. आता आंधळ्यालाही दिसेल, आणि आपलं दुकान चष्म्याचं आहे." त्यांनी रुमालानं मान पुसली. "उद्यापर्यंत दोघींचं एकसारखं करा. तुम्ही पावडर थापा, नाहीतर ताईंना गच्चीवर नेऊन बसवा. कसंही करा."

धाकटीच्या जिवात जीव आला. अर्धाच. कारण साहेबांच्या हातातली बॅटरी अजून चालू होती, आणि तिचा उजेड सारखा दाराच्या कडीवर जात होता.

"उद्यापर्यंतच का, साहेब?"

"कारण उद्या मी नसतो," साहेब कुजबुजले. "उद्या मी म्हणून जो येतो, तो माझा जुळा भाऊ. आणि त्याला असली फसवाफसवी अजिबात खपत नाही."