कोणाला बघून?

"हा पण ॲक्टरच आहे, सर," पुतळी म्हणाली.

तिच्या हातात तंबाखूची रिकामी पुडी होती. पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो. तांडेल सरांनी ती मुलांना धाक बसावा म्हणून आणली होती, पण आठवीचा वर्ग हसत होता.

"फोटो खरा आहे," सर म्हणाले.

"कशावरून?"

पावसाळ्यापासून सर हेच तर विचारायला शिकवत होते. शनिवारी शाळा सुटायच्या आधीचा तास जाहिरातींचा. मोबाइलवरच्या, पेपरातल्या, चारोटी नाक्यावरच्या फलकावरच्या. हे कोणी बनवलं? कोणासाठी? यात काय लपवलंय? मुलं भराभर शिकली. पान मसाल्याचा डबा हातात घेऊन हसणाऱ्या नटाचा कोट भाड्याचा, गाडी भाड्याची आणि त्याच्या घरात हा डबा औषधालाही सापडणार नाही, हे आता कोणीही सांगायचं. पुतळी सगळ्यांच्या पुढे. आता तिने तेच हत्यार पुडीवरच्या इशाऱ्यावर चालवलं होतं.

"सरकारला पण आपल्याला काहीतरी पटवायचंच आहे ना, सर? मग ही पण जाहिरातच."

भीमाने बाक वाजवून तिला दाद दिली. तेरा वर्षांच्या भीमाचे दात लालसर झाले होते. गुटखा बंद होता, पण मसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या मिळायच्या. पोरं नळामागे उभी राहून त्या एकत्र करायची.

शाळा सुटल्यावर सर बसने डहाणूला आले, तिथून रिक्षाने धाकट्या डहाणूला. घरी कविता ओटीवर सुके बोंबील निवडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने पाणी आणून दिलं.

"आजपण नाय ऐकलं कोणी?"

"ऐकतात. जरा जास्तच ऐकतात."

"मग सोडून द्या ना तो तास. कोणी मागितलाय तुमच्याकडे?"

"कोणीच नाही."

"रिटायर व्हायला आले तुम्ही. घसा बघा कसा बसलाय."

सरांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. आधी तलासरीची शाळा, मग ही कासाची, त्यांची सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली होती. किती पोरांचे दात असे लाल होताना पाहिले, त्याचा हिशोब नव्हता. कधीकाळी त्यांनाही सवय होती. गालात जखम झाली तेव्हा घाबरून सोडली, त्यालाही बरीच वर्षं झाली. वर्गात ते सांगायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

सोमवारी ते कासाच्या दवाखान्यात गेले. हिना सिस्टरना त्यांनी सगळं सांगितलं.

"मुलांना फोटोतला नको, खरा माणूस दाखवायचाय."

"कोण येणार, सर? असं तोंड घेऊन पोरांपुढे उभं राहायचं?"

"विचारून तर बघा."

दोन-तीन जणांनी नकार दिला. मग एका दुपारी सिस्टरचा फोन आला.

"एक जण येतो म्हणाला. आधी नाहीच म्हणत होता. मग तुमचं नाव विचारलं, आणि लगेच तयार झाला."

सरांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत एवढं तरी नाव झालं होतं.

शनिवारी शाळेपुढे जीप थांबली. उतरलेला माणूस काटकुळा होता, पाठीत वाकलेला, केस पिकलेले. नाकाखालचं सगळं तोंड गमछ्यात गुंडाळलेलं. सर पुढे झाले.

"या काका, या. नाव काय आपलं?"

"चैत्या." त्याने हात जोडले. "गुरुजी."

हल्ली सगळे सर म्हणायचे. म्हातारी माणसं तेवढी अजून गुरुजी म्हणतात, असं सरांच्या मनात आलं. त्यांनी त्याला हाताला धरून वर्गात नेलं, खुर्ची दिली.

चैत्याने गमछा सोडला. उजवा गाल आत गेला होता. खालचा जबडा अर्धाच होता, आणि जे होतं ते ओढून शिवल्यासारखं दिसत होतं. वर्गात कोणी हललं नाही.

पुतळी उठली. जवळ जाऊन तिने नीट पाहिलं.

"हात लावू?"

चैत्याने मान हलवली. तिने दोन बोटं त्याच्या गालाला लावली, झटकन काढून घेतली आणि वर्गाकडे वळली.

"खरं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

भीमाचा हात खिशावर होता. खाली मान घालून तो उठला, दारापर्यंत गेला आणि दोन्ही पुड्या बाहेर भिरकावून परत जागेवर बसला. कोणी हसलं नाही.

कितीतरी दिवसांनी सरांचे खांदे हलके झाले. तास इथेच संपवला असता तरी चाललं असतं. पण तास जाहिरातींचा होता.

"काका, शेवटचं एक. तुम्ही हे सुरू केलं ते कोणती जाहिरात बघून?"

"राहू द्या, गुरुजी." शब्द अर्ध्या तोंडातून फुटके येत होते.

"लाजू नका. मुलं त्याचाच अभ्यास करतात."

"कशाला आता?"

"त्यांना कळायला हवं," सर मायेने म्हणाले. "कोणीतरी असेलच ना? कोणाला बघून वाटलं, आपणही खावं?"

चैत्याने मुलांकडे पाहिलं. भीमाकडे जरा जास्त वेळ. मग त्याने नजर सरांकडे वळवली.

"तुम्हाला, गुरुजी," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "तलासरीला सातवीत होतो. मधल्या सुटीत तुम्ही पुडी आणायला धाडायचे. वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरालाच धाडायचे."