तयार की सुटे भाग

“एकदा ठरवा साहेब. तयार घेताय की सुटे भाग?” दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं.

प्रूफरीडर काउंटरला धरून उभा राहिला. छापखान्यात हजार पानांच्या ग्रंथातली चुकलेली वेलांटी तो सहज पकडायचा. इथे भिंतीवरच्या यादीतलं काही म्हणता काही डोक्यात शिरत नव्हतं. ग्राफिक्स कार्ड, रॅम, कूलर. त्याच्या लेखी कूलर म्हणजे उन्हाळ्यात खिडकीत बसवायचा. तो कॉम्प्युटरच्या पोटात कशाला, हे विचारायचीही सोय नव्हती. लेक शेजारी उभी होती आणि कॉम्प्युटर तिला गेम खेळायलाच हवा होता.

पंधरा दिवस तो भेटेल त्याला विचारत होता. ऑफिसातला कारकून म्हणाला, तयारच घ्या, खोक्यातून काढला की सुरू. शेजारी म्हणाला, तयार घ्याल तर फसाल. ऐकावं जनाचं, पण जनांचं एकमत होईल तर शपथ!

पूर्वी तो असा नव्हता. तीन वर्षांपूर्वी वडिलांचं ऑपरेशन करायचं की नाही, हे त्याने एका मिनिटात ठरवलं होतं. करायचं. दादाने नको म्हणून अक्षरशः हात जोडले होते. वडील ऑपरेशन थिएटरमधून परत आले नाहीत. दवाखान्याच्या जिन्यात दादा एवढंच म्हणाला, “तुला फार घाई होती.” त्या दिवसापासून दोघा भावांत बोलणं नाही. दादाचं पंप दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, तर हा लांबचा रस्ता धरी. आणि खिडकीच्या पडद्याचा रंग ठरवायचा म्हटलं तरी तो आठ-आठ दिवस लावी.

“सुटे भाग द्या,” लेक अचानक म्हणाली.

“अगं, काल रात्रीपर्यंत तयार म्हणत होतीस!”

“आता नाही म्हणत.”

“आणि जोडणार कोण?”

“काका जोडतील. विचारलंय मी त्यांना. रविवारी येतो म्हणालेत.”

“तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो गं!”

“वायर ती वायर, असं म्हणाले.”

रविवारी दादा खरंच आला. हातात हत्यारांची पिशवी. उंबऱ्यात क्षणभर थांबला, मग कुणाकडे न बघता टेबलाशी जाऊन बसला. लेकीने खोकी उघडली आणि बापाच्या हातात टॉर्च दिली. “बाबा, नीट धरा. काकांना दिसत नाहीये.”

दादाने एक पट्टी उचलली, उलटी केली, सुलटी केली. चष्मा कपाळावर ढकलला. तासभर झाला तरी घोडं पुढे सरकेना. प्रूफरीडरही वाकला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

“टॉर्च इकडे धर की,” दादा म्हणाला.

“दादा, माझं चुकलं होतं.”

दादाने पट्टी खाली ठेवली. “नव्हतं चुकलं. डॉक्टर मला नंतर भेटले होते. ऑपरेशन केलं नसतं तर आठवडाही निघाला नसता, म्हणाले. तुला सांगायला यायचं होतं. पण जिन्यात तसं बोलून बसलो, मग पायच उचलेना.”

टॉर्च कधी विझली, प्रूफरीडरला कळलं नाही. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे गॅलरीत गेले. वडिलांचं शेवटचं आजारपण निघालं, त्यांचा रागीट स्वभाव निघाला, त्यांनी दोघांना एकाच छडीने बडवलं होतं ते निघालं. चहा दोनदा झाला. ऊन कठड्यावरून उतरलं.

आत आले तेव्हा टेबल आवरलेलं होतं. कॉम्प्युटर सुरू होता आणि पडद्यावर लेकीची गाडी डोंगरातून सुसाट पळत होती.

“हा जोडला कुणी?” दादाने विचारलं.

“मीच,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सोळाच्या सोळा मीच जोडलेत, काका.”