कोटिंगखालचं कुंकू

"एवढं सोडून बाकी सगळं चकाचक करा," सयाजी म्हणाला आणि त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला, झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवावा तसा.

शिवानंदनं वाकून पाहिलं. पांढऱ्या गाडीवर कुंकवानं काढलेलं स्वस्तिक होतं. गाडी घेतली तेव्हाच्या पूजेचं. कुंकू कधीच झडून गेलेलं, पण सोलापूरच्या उन्हानं त्याचा रंग पत्र्यात मुरवला होता. फिकट गुलाबी. एक हात जरा लांब, एक ठिपका घसरलेला.

"पाहुणं, असले डाग तर आम्ही आधी काढतो," शिवानंद म्हणाला. "सिरॅमिक कोटिंग म्हणजे काचेसारखा थर की. एकदा वर चढला की खालचं खालीच राहतं. मग धुवा, शाम्पू लावा, निघायचं नाही."

"घासलं तर?"

"हातानं किती बी घासा."

"मग तसंच पायजे."

"मालकीणबाईंनी काढलंय का?" चेतनानं विचारलं. ती शिवानंदची बायको. विजापूर रोडवरच्या त्यांच्या दुकानात गाड्या धुण्याचं काम तिचं, आणि गिऱ्हाइकाला बोलतं करण्याचंही.

"व्हय. काढताना गात हुती." सयाजी थांबला. मग गळ्यातल्या गळ्यात म्हणाला,

*नवी गं आली गाडी, उभी राहिली दारात*
*धनी माझा सयाजी, सुखी येऊ दे घरात.*

"आता परत कोन काढनार?" एवढं बोलून तो दुसरीकडे बघू लागला.

चेतनाच्या हातातल्या पाइपाचं पाणी नुसतंच फरशीवर वाहत राहिलं.

"किती वरीस टिकतंय हे?" त्यानं विचारलं.

"तीन तरी. सावलीत लावली तर जास्त."

"तीन लई झाली."

"गाडी परवा मिळंल. तुमच्या गावाला, करकंबला, जाऊन परत येणार का?"

"न्हाय, हितंच हाय शेरात."

"पाव्हण्यांकडं?"

"तसंच म्हना."

चहा नको म्हणाला. फाटकाशी जरा टेकला, मग रिक्षाला हात केला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती.

"गडी निम्मा झालाय की ओ," चेतना म्हणाली. "बायकोमागं बाप्या माणूस असा वाळतो बघा."

गाडी आत घ्यायला ती बसली आणि तिथूनच ओरडली, "ही सीट केवढी पुढं! एवढा उंच माणूस गुडघे कुठं ठेवून आला?"

"तिची असंल ती," शिवानंद म्हणाला. "हलवली नसंल त्यानं. तू पण हलवू नको."

चेतनानं सीट हलवली नाही.

दुपारी चाकांवर ब्रश मारता मारता तिनं विचारलं, "मी गेल्यावर तुम्ही माझं काय ठेवाल ओ?"

"तोंड तेवढं ठेवून जा. दुकानात करमायचं नाही."

"चेष्टा नको."

"आधी एवढी चाकं धुऊन हो. मग जा कुठं जायचं ते."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

शिवानंदनं त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही. मातीच्या मऊ वडीनं पत्र्यातली कचकच उचलली. स्वस्तिकाभोवती कागदी टेप लावली आणि पॉलिशचं मशीन तिच्या कडेकडेनं असं फिरवलं, की जणू जखमेभोवतीचं अंग पुसतोय. बाकीची गाडी आरशासारखी झाली. मधला तेवढा तुकडा जुनाच.

आता खरी परीक्षा होती. कोटिंगच्या आधी पत्र्यावरचा तेलकटपणा स्पिरिटनं पुसावाच लागतो, नाहीतर थर धरत नाही. आणि त्या पुसण्यातच रंग गेला तर? त्यानं कापडाचं टोक ओलं केलं, घसरलेल्या ठिपक्यावर हलकंच टेकवलं, उचललं आणि उलटून बघितलं.

कापड पांढरंच होतं.

"राहिलं," तो म्हणाला. चेतनानं डोळ्यांना पदर लावला.

मग चौकोनी स्पंजावर थेंब थेंब घेऊन त्यानं कोटिंग चढवलं. आधी आडवं, मग उभं. पत्र्यावर क्षणभर सात रंग तरळले. मऊ फडकं फिरताच ते विरले, आणि गुलाबी रेघा पाण्याखालच्या खड्यांसारख्या दिसू लागल्या.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला बाई आली. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, एकटीच.

"सयाजीरावांच्या बहीण का तुम्ही?" चेतनानं विचारलं.

"भैन?" बाई हसली. "अवो, मी शकुंतला. घरवाली त्येंची."

चेतना शिवानंदकडे बघत राहिली. मग तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं त्या परक्या बाईचे दोन्ही हात धरले. "बाई गं! आम्ही काय काय धरून बसलो होतो. आयुष्य वाढलं बघा तुमचं, ताई!"

"माजं?" शकुंतलाचं हसू तिथंच थांबलं. "माजं वाढून काय करू?"

शिवानंदनं किल्ली पुढं केली. "आठ दिवस गाडीला पाणी लावू नका," तो कसाबसा म्हणाला. "चालवाल ना नीट?"

"शिकवलीय की त्येंनी. म्हैनाभर रोज शेजारी बसून." ती बॉनेटपाशी आली. "आज दवाखान्यातनं घरी न्यायचंय त्यास्नी. डाक्टर म्हनले, आता घरीच न्या."

तिनं त्या गुलाबी रेघांवरून बोट फिरवलं.

"किती येळा म्हनलं, ह्यो डाग काढून टाकू. तर म्हनले, शकू, माझ्या माघारी तुझ्या कपाळावरचं भावकीतल्या बाया पुसतीलच. ह्ये मातुर कुनाच्या बापाला पुसता यायचं न्हाय."